घरची कोल्ड कॉफी: आदल्या रात्री तयारी करा, कॅफेचं बिल वाचवा

कॅफेत एक कोल्ड कॉफी प्यायली की दीडशे ते अडीचशे रुपये सहज जातात. वर आइस्क्रीमचा गोळा आणि चॉकलेट सॉस असेल तर तीनशेही. घरपोच मागवली की पॅकिंगचे आणि डिलिव्हरीचे वेगळे. आता हीच कॉफी घरी केली तर काय पडते ते बघू. दूध लिटरला ७० रुपये धरलं तर १८० मिलिलिटरचे साडेबारा रुपये. इन्स्टंट कॉफीची ५० ग्रॅमची बाटली २०० रुपयांना धरली तर ग्रॅमला ४ रुपये, म्हणजे ग्लासला ३ ग्रॅमचे १२ रुपये. साखर १५ ग्रॅम, तिचा रुपयाही होत नाही. बर्फ घरचा. एकूण पंचवीस-सव्वीस रुपये. भाव तुमच्या दुकानातले घाला, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. महिन्याला वीस कॉफ्या बाहेर पिणाऱ्याचे १८० च्या दराने ३,६०० रुपये जातात, घरी त्याच वीस कॉफ्या सव्वापाचशेत होतात.

हिशेब इतका उघड असूनही माणसं बाहेरूनच मागवतात, आणि त्याचं कारण दर वेळी चव नसतं. दुपारी साडेतीनला तलफ येते तेव्हा दूध नुकतंच तापवून ओट्यावर ठेवलेलं असतं, बर्फाचा ट्रे कुणीतरी रिकामा करून तसाच परत ठेवलेला असतो, आणि फोन हातात असतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग आदल्या रात्रीबद्दल आहे. गार दूध, बर्फ, साखरेचा पाक आणि कॉफी या चार गोष्टी तयार असल्या की ग्लास पाच मिनिटांत हातात येतो. त्या नसतील तर रेसिपी कितीही चांगली असो, तुम्ही ऑर्डरच करणार.

काय विकत घ्यायचं नाही

सुरुवातीलाच सांगून ठेवतो: दहा हजारांचं मशीन, हेझलनट आणि कॅरॅमलच्या सिरपच्या बाटल्या, बॅटरीवरचा फेस काढणारा दांडा, काचेचे उंच ग्लास आणि त्यातल्या स्टीलच्या नळ्या, यातलं काहीही पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नका. वरच्या हिशेबाने महिन्याला तीन हजार वाचत असतील तर ते मशीनच तीन महिन्यांची बचत गिळतं आणि पुढे ओट्यावर जागा अडवून बसतं. सिरपची बाटली तर चार वेळा वापरली जाते आणि मग फ्रिजच्या दारात वर्षभर उभी असते.

घरात जे आहे त्यात भागतं. मिक्सर आणि त्याचं चटणीचं भांडं. मिक्सर नसेल तर रवी, तीही नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली. चहाची बारीक गाळणी, धुतलेलं मऊ सुती कापड, आणि एक लिटरची काचेची बरणी. बरणी लोणच्याची नको. ती कितीही घासली तरी झाकणाच्या आतल्या रबराला वास राहतो, आणि रात्रभर त्यात ठेवलेली कॉफी तो वास उचलते. मधाची किंवा जॅमची बरणी चालेल.

कॉफी कोणती घ्यायची

पाकिटाच्या पुढे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय त्यापेक्षा त्यावर टक्केवारी काय छापली आहे ते बघा. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कॉफीत चिकोरी असते, आणि असेल तर तिचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. त्यात कॅफीन नसतं, पण ते पेयाला गडद रंग आणि दाटपणा देतं, वर स्वस्तही पडतं. नेसकॅफे क्लासिक निव्वळ कॉफीची आहे, तर साध्या ब्रू इन्स्टंटमध्ये आणि सनराइजमध्ये चिकोरी असते. चिकोरी म्हणजे भेसळ असं समजू नका. दुधातल्या कोल्ड कॉफीला तिचा जाडपणा उलट शोभतो. मात्र दुधाशिवायची, नुसत्या बर्फावरची कॉफी करायची असेल तर चिकोरी नसलेलीच घ्या, नाहीतर गढूळ कडवटपणा तेवढा जिभेवर राहतो.

दळलेली कॉफी घ्यायची असेल तर थोडी थोडी घ्या. दळल्यावर काही आठवड्यांतच तिचा वास उडायला लागतो. कूर्ग-चिकमगळूरच्या सहलीहून हौसेने आणलेलं अर्ध्या किलोचं पाकीट वर्षभर कपाटात पुरवून पुरवून वापरायचं, हा प्रकार अनेक घरांत चालतो. त्यापेक्षा दर पंधरवड्याला शंभर ग्रॅम ताजी आणावी. मुंबईत माटुंग्याला कॉफी समोर दळून देणारी दुकानं आहेत, इतर मोठ्या शहरांतही शोधलं तर सापडतात. दुकानदार दोन गोष्टी विचारेल: चिकोरी किती, आणि दळण कसं. स्टीलच्या साउथ इंडियन फिल्टरसाठी म्हणाल तर तो बारीक दळून देईल. कोल्ड ब्रूसाठी, म्हणजे गार पाण्यात रात्रभर भिजवून करायच्या कॉफीसाठी, जाड रव्यासारखं भरडसर हवं, हे आधीच सांगा.

आदल्या रात्री

*दूध.* पिशवीचं दूध तापवून, गार करून, फ्रिजमध्ये किमान चार तास. इथे एक बारीक गोष्ट आहे जी नवख्यांना कुणी सांगत नाही. तापवलेल्या दुधावर साय धरते, आणि ती मिक्सरमध्ये पूर्ण मिसळत नाही. तिचे पापुद्रे तुटून कॉफीभर पसरतात, घोटाघोटाला ओठाला लागतात. म्हणून दूध गाळणीतून गाळूनच बाटलीत भरा. साय वेगळ्या वाटीत गेली की घरातलं कुणी तक्रारही करणार नाही. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. दाट कॉफी हवी तर पहिलं, भरपूर फेस हवा तर दुसरं. माझं मत फुल क्रीमच्या बाजूने आहे, कारण बर्फ वितळल्यावरही ते पाणचट लागत नाही.

*बर्फ.* कोल्ड कॉफी बिघडवणारी पहिली वस्तू बर्फ आहे. फ्रीझरमध्ये शेजारी बोंबील, खोवलेला नारळ किंवा आलं-लसणाची पेस्ट असेल तर उघड्या ट्रेतला बर्फ तो वास धरतो. बर्फ झाला की लगेच झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत काढून ठेवा. दुसरा त्रास वितळण्याचा. चार खडे वितळले की ग्लासमध्ये पाऊण वाटीभर पाणी वाढतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे एक ट्रे दुधाचा आणि एक ट्रे काळ्या कॉफीचा लावायचा. दुधाचा बर्फ किंचित भुसभुशीत होतो, पण मिक्सरमध्ये जाणार असल्यामुळे काही बिघडत नाही. असा बर्फ वितळला तरी कॉफी पातळ होत नाही.

*पाक.* गार दुधात साखर विरघळायला नाखूश असते. ती तळाशी बसते आणि शेवटचा घोट सरबत होतो. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळा आणि लगेच बंद करा. तार वगैरे काही बघायची नाही, हा गुलाबजामचा पाक नव्हे. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलात तर दोन आठवडे आरामात टिकतो. साखरेच्या एका सपाट चमच्याला या पाकाचा साधारण दीड चमचा धरा. आणि लक्षात ठेवा, गार पदार्थात गोडी कमी जाणवते. गरम कॉफीत तुम्ही एक चमचा साखर घालत असाल तर इथे दीड ते दोन लागतील. हीच कॉफी कोमट झाल्यावर प्यायलात तर अति गोड लागेल, तेव्हा दचकू नका.

पहिला ग्लास: इन्स्टंट, दूध, मिक्सर

नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. एका मोठ्या ग्लासाचं प्रमाण देतो. चमचा म्हणजे चहाचा चमचा.

१. मिक्सरच्या छोट्या भांड्यात दीड ते दोन चमचे इन्स्टंट कॉफी आणि तीन-चार चमचे साखर घ्या. इथे पाक नको, साखरच हवी.

२. त्यावर दोन चमचे गरम पाणी घाला. उकळतं नको, हाताला चटका बसेल इतपत पुरे. अर्धा मिनिट फिरवा. काळपट मिश्रण हळूहळू उजळत जाऊन फिक्या तपकिरी रंगाचं, चमच्यावरून सावकाश पडणारं होईल. कॅफेतल्या कॉफीच्या फेसाचा बराचसा भाग इथेच तयार होतो. पाणी जास्त पडलं तर ते फुलत नाही, म्हणून चमच्यानेच मोजा.

३. आता पाव वाटी गार दूध घालून पाच सेकंद फिरवा, म्हणजे भांड्याच्या कडेला चिकटलेलं सगळं सुटून येईल.

४. मिश्रण मोठ्या भांड्यात काढा, उरलेलं गार दूध आणि चार-पाच खडे बर्फ टाका. एकूण दूध १८० मिलिलिटर.

५. थांबत थांबत, तीन-चार झटक्यांत फिरवा. एकूण वीस सेकंदांच्या वर नाही. सलग मिनिटभर फिरवलंत तर पात्याच्या घर्षणाने दूध तापतं आणि बर्फाचा सगळा उपयोग वाया जातो.

६. ग्लासात आधी दोन खडे बर्फ, मग कॉफी. आधी मधला द्रव ओता, शेवटी चमच्याने फेस वर घ्या.

गरम दूध किंवा गरम कॉफी बंद मिक्सरमध्ये कधीही फिरवू नका. वाफेने झाकण उडतं आणि भाजतं. गार कॉफी करताना गडबडीत कोमट दूध वापरणारे हे विसरतात.

मिक्सर नसेल तर पहिल्या दोन पायऱ्या वाटीत चमच्याने करा. हात दुखेल, पाच-सात मिनिटं लागतील, पण फेटलं जातं. मग तांब्यात गार दूध, बर्फ आणि हे मिश्रण घेऊन रवीने ताक घुसळतात तसं घुसळा. रवीचा फेस मिक्सरपेक्षा जाड बुडबुड्यांचा येतो. मला तोच जास्त आवडतो.

पुण्यात ज्या दाट कोल्ड कॉफीसाठी कोथरूडच्या दुर्गा कॅफेबाहेर कॉलेजची मुलं उभी असतात, तसला जाडपणा घरी हवा असेल तर सोपा मार्ग व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा. चौथ्या पायरीला घाला आणि साखर निम्मी करा. ग्लासामागे दहा-पंधरा रुपये वाढतात. रोज नको, रविवारी ठीक.

फिल्टरच्या डिकॉक्शनची

घरात स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर असेल तर इन्स्टंटला हात लावायची गरजच नाही. वरच्या भांड्यात २० ग्रॅम कॉफी, म्हणजे भरगच्च तीन मोठे चमचे, दट्ट्याने अलगद दाबून घ्या. फार दाबलंत तर पाणी उतरतच नाही. १२० मिलिलिटर उकळलेलं पाणी सावकाश ओतून झाकण ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत खाली ८० मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, जमतं. दोन ग्लासांना पुरतं.

डिकॉक्शन गार होऊ द्या, मग फ्रिजमध्ये. गरम काचेची बाटली थेट फ्रिजमध्ये ठेवली तर तडकू शकते. दोन दिवसांत संपवा, त्यापुढे त्याला आंबूस शिळी चव येते. प्यायच्या वेळी ग्लासात बर्फ, ४० मिलिलिटर डिकॉक्शन, पाक, वरून १५० मिलिलिटर गार दूध, ढवळलं की झालं. मिक्सर नको, फेस नको. ऑफिसला निघायच्या घाईत हीच सगळ्यांत सोयीची, आणि ३० किंवा २० टक्के चिकोरीची, म्हणजे ७०-३० किंवा ८०-२० कॉफी इथे उत्तम लागते.

दुधाशिवायची: कोल्ड ब्रू

कॅफेच्या मेनूवर सगळ्यांत महाग दिसणारी आणि करायला सगळ्यांत सोपी. यात उष्णताच नाही. भरडसर दळलेली, बिनचिकोरीची कॉफी ५० ग्रॅम, पिण्याचं साधं पाणी ४०० मिलिलिटर. बोअरचं जड पाणी असेल तर फिल्टरचं घ्या, जड पाण्यात कॉफीची चव दबते. बरणीत घालून लाकडी चमच्याने एकदा ढवळा, म्हणजे कोरडी पूड वर तरंगत राहणार नाही. झाकण लावून फ्रिजमध्ये चौदा ते सोळा तास. रात्री आठला लावली की दुसऱ्या दिवशी दुपारी तयार. बाहेर ओट्यावर ठेवली तर लवकर होते, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये ती जोखीम घेऊ नये.

गाळताना घाई नको. आधी चहाच्या गाळणीतून, मग ओलं करून पिळलेल्या सुती कापडातून. कापडातली कॉफी मात्र पिळू नका. पिळल्याने बारीक गाळ आणि कडूपणा दोन्ही खाली येतात. थेंब थेंब गळू द्या, आणि तोवर दुसरं काम करा. चोथ्यात वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी अडकतं, त्यामुळे ४०० मधून हातात सुमारे ३०० मिलिलिटर येईल. कमी आलं म्हणून बिघडलं असं नाही.

त्यातून तीन ग्लास होतात. ग्लासभर बर्फ, १०० मिलिलिटर ब्रू, तेवढंच गार पाणी किंवा थोडं कमी. कॉफी ग्रॅमला एक रुपया पडली तर ग्लास सतरा रुपयांना. गाळलेली ब्रू फ्रिजमध्ये आठवडाभर राहते, मात्र दूध मिसळलं की त्याच दिवशी संपवायची. यात आंबटपणा आणि कडूपणा कमी असल्याने साखरेशिवाय प्यायची सवय लावायला हा प्रकार बरा. पण हीच ब्रू दुधात ओतण्यासाठी सोळा तास थांबणं मला पटत नाही. भरपूर दूध आणि साखर पडल्यावर तिचा नाजूक वास कुणाला कळणार? दुधाला इन्स्टंट किंवा डिकॉक्शन, पाण्याला कोल्ड ब्रू, असं ठरवून टाका.

थांबायला वेळच नसेल तर गरम कॉफी सरळ बर्फावर उतरवा. १५ ग्रॅम कॉफी, १५० मिलिलिटर गरम पाणी, कागदी फिल्टरमधून खालच्या ग्लासातल्या १०० ग्रॅम बर्फावर. बर्फ वितळून पाण्याचं प्रमाण पूर्ण होतं, म्हणून गरम पाणी मुद्दाम कमी घेतलेलं आहे. पातळ काचेचा ग्लास इथे वापरू नका.

चोथा कुंडीत घालायचा तर मातीत मिसळून, थोडाच. वर थर दिला तर तो वाळून कडक होतो आणि पाणी मुरत नाही.

बिघडली तर

पाणचट लागली तर पुढच्या वेळी बर्फ कमी करू नका, कॉफी वाढवा. गार कॉफी गरमपेक्षा कडकच करावी लागते, कारण बर्फाचं पाणी त्यात जमेस धरायचं असतं. फेस आला नाही तर बहुधा दूध पुरेसं गार नव्हतं किंवा दुसऱ्या पायरीला पाणी जास्त झालं. इन्स्टंटचे काळे दाणे तरंगत असतील तर ती थेट गार दुधात टाकली गेली आहे. आधी कोमट पाण्यात विरघळवा. फार कडू झाली तर साखर ओतण्याआधी मिठाचे चार दाणे टाकून बघा. मीठ कडवटपणा दबवतं. चार दाणे म्हणजे चारच.

फ्रिज नसलेल्यांसाठी, आणि डब्यासोबत नेताना

होस्टेलवर किंवा खोलीवर राहणाऱ्यांनी इन्स्टंट कॉफीची बाटली आणू नये, दोन-दोन रुपयांच्या पुड्या आणाव्यात. दमट हवेत उघडलेली बाटली आठवड्यात गोळा होते. गार दुधाची पिशवी डेअरीतून येता येता घ्यायची, पुडी दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवायची, झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत सगळं भरून अर्धा मिनिट जोरात हलवायचं. एका ग्लासाला किती पुड्या लागतात ते पाकिटावरचे ग्रॅम बघून ठरवा, एकीने सहसा भागत नाही. बर्फ बाहेरून घ्यायचा तर खाण्याचाच आहे ना, हे विचारून घ्या. मासळी आणि कॅन थंड ठेवायचा बर्फ वेगळा असतो. तो ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. निळसर झाक दिसली तर तो ग्लासात जाऊ देऊ नका.

कोल्ड ब्रू आणि डिकॉक्शन दाट असतं, ते पाण्यासारखं गटागटा पिऊ नका. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं साधारण मानतात, गरोदर बाईला २००. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टाच्या दाण्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं, तेव्हा पाकिटावर रोबस्टा दिसलं तर संध्याकाळचा ग्लास लहान करा.

ऑफिसला न्यायची असेल तर थर्मासमध्ये रात्रीच बर्फाचं पाणी भरून ठेवा आणि सकाळी ते ओतून कॉफी भरा. आतून गार झालेला थर्मास दुपारपर्यंत कॉफी गार ठेवतो, आधी गार न केलेला थोडा बर्फ खातो. दूध घातलेली कॉफी जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपवा. संध्याकाळपर्यंत ठेवायची असेल तर थर्मासमध्ये काळी न्या आणि दूध तिथल्या फ्रिजमधलं घाला. घरी आल्या आल्या झाकणाची रबरी रिंग काढून धुवा, कारण दुधाचा आंबूस वास पहिल्यांदा तिथेच धरतो.